तणमोर वाचवायचा तर खरिपातच

जुलै-ऑगस्टमध्ये कुणी तणमोर पाहिल्याचे सांगितले की आधी एकच गोष्ट विचारावी: पक्षी कशावर बसला होता? उत्तर ‘तारेवर’ किंवा ‘बाभळीवर’ असे आले, तर तो तणमोर नव्हे. तणमोर माळढोकाच्या कुळातला, आणि या कुळातल्या पक्ष्यांना मागचे बोटच नसते. फांदी किंवा तार त्यांना पकडता येत नाही, त्यांचा सगळा जन्म जमिनीवर जातो. तारेवरचा तो पक्षी बहुतेक वेळा चातक निघतो. तोही पावसाबरोबर येतो, तोही काळा-पांढरा, शिवाय डोक्यावर शेंडी. पण ‘गवतातून काळे-पांढरे काहीतरी उसळले, हवेत फडफडले आणि परत गवतात बुडाले’ असे कुणी सांगितले, तर हातातली कामे ठेवून त्या शेताकडे निघावे.

तणमोर हा आपल्याकडच्या माळढोक कुळातला सगळ्यात लहान पक्षी. आकाराने कोंबडीच्या आसपास, पण पाय आणि मान लांब. भारतीय उपखंडाबाहेर तो कुठेच नाही. १९९९ च्या सुमारास त्यांची संख्या साडेतीन हजारांच्या घरात असल्याचा अंदाज होता. २०१७-१८ मध्ये राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र अशा राज्यांत सर्वेक्षण झाले तेव्हा ती सातशेच्याही खाली आल्याचे दिसले. २०२१ मध्ये त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात टाकले गेले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहेच.

तरीही तो वाचवण्याची लढाई अभयारण्याच्या फाटकाआड चालते, असा समज आहे. भावनगरजवळचे वेळावदर, रतलामजवळचे सैलाना आणि धार जिल्ह्यातले सरदारपूर ही नावे ऐकलेली असतात. सैलाना आणि सरदारपूर ही दोन अभयारण्ये तर १९८३ मध्ये खास याच पक्ष्यासाठी जाहीर झाली. पण अजमेर जिल्ह्यातल्या सोंखलिया भागात तणमोर मूग-ज्वारीच्या शेतांत आणि मधल्या पडीक तुकड्यांत नाचतात. आपल्याकडे अकोला-वाशीम पट्ट्यातही त्याचा वावर गायरान, गवताळ माळ आणि त्यांना लागून असलेली शेते असाच विखुरलेला आहे. म्हणजे त्याचे भवितव्य पेरणी ते काढणी या तीन-साडेतीन महिन्यांत ठरते, आणि ते शेतकऱ्याच्या हातात आहे. पाहणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवूनच पाहायला जावे.

ओळख: नर, मादी आणि पायाचा ठसा

विणीच्या पिसाऱ्यातला नर ओळखायला सोपा. डोके, मान आणि पोट काळे कुळकुळीत, मानेच्या मागे पांढरा पट्टा, पंखावर ठळक पांढरा डाग, पाठ तपकिरी आणि तिच्यावर बारीक नक्षी. कानामागून दोन्ही बाजूंना तीन-तीन तुरे निघतात. साधारण बोटभर लांबीची ही काड्यांसारखी पिसे टोकाला पसरट होऊन वर वळलेली असतात. दुर्बिणीतून हे तुरे दिसले की शंकेला जागा राहत नाही.

मादीचे मात्र कठीण. मातकट-पिवळसर अंग, त्यावर बाणाच्या टोकांसारख्या काळ्या खुणा, बस्स. ती नराहून मोठी असते. नर साडेचारशे-पाचशे ग्रॅमचा, मादी त्याच्या दीडपटीच्या आसपास. दिवसभर उड्या मारायच्या तर हलके अंग सोयीचे, म्हणून नर लहान राहिला असावा, असे अभ्यासक मानतात. विणीचा काळ संपला की नरही मादीसारखाच मातकट होतो. पंखावरचा पांढरा भाग तेवढा उरतो, तोही उडाल्यावरच दिसतो. म्हणून ऑक्टोबरनंतरच्या नोंदी फार जपून स्वीकाराव्यात. करवानक हा माळावरचा पक्षी गवतातून उठला की घाईत तणमोर वाटतो. त्याचे मोठे पिवळे डोळे आणि उडताना पंखावर दिसणारे पांढरे-काळे पट्टे पाहिले की फरक कळतो. तित्तिर उठताना पंखांचा मोठा फर्राटा करतो, थोडे अंतर जाऊन लगेच खाली पडतो. तणमोर मान पुढे ताणून भराभर पंख मारत सरळ लांब जातो.

ओल्या मातीतला ठसाही बोलतो. पुढची तीन जाड बोटे आणि मागे काहीच नाही, असा ठसा असेल तर तणमोर किंवा करवानक. मागच्या बोटाची खूण दिसली की मोर किंवा तित्तिर. ठशावरून तणमोर सिद्ध होत नाही, पण कोणत्या धुऱ्यावर (बांधावर) पहाटे जाऊन बसायचे ते ठरवता येते.

उडी

तणमोर दिसतो तो त्याच्या उडीमुळे. नर एक जागा धरतो. ती आजूबाजूपेक्षा किंचित उंच किंवा जरा विरळ गवताची असते. तिथे तो आधी मान वर करून चौफेर पाहतो, मग अंग आखडून दीड-दोन मीटर सरळ वर उसळतो. हवेत मान मागे वळलेली, पाय पोटाशी, आणि पंखांची तीन-चार वेगवान फडफड. मग पंख मिटून तो परत तिथेच किंवा हातभर अंतरावर उतरतो. सगळा खेळ दोनेक सेकंदांचा. एका दिवसात एकाच नराच्या पाचशेहून जास्त उड्या नोंदल्या गेल्या आहेत.

उडीबरोबर एक कोरडा ‘टर्रर्र’ आवाज येतो. वारा नसेल तर तो तीनशे-चारशे मीटरवरूनही ऐकू येतो. नराच्या पंखांची बाहेरची पिसे टोकाकडे अरुंद होत गेलेली असतात. हा आवाज पंखांचाच. डबक्याजवळ बसून कान लावला तर मात्र फसगत होते, कारण बेडूकही तसेच टरटरतात. पण बेडूक एका जागेवरून लागोपाठ ओरडत राहतो. तणमोराचा आवाज एकदा येतो, मग अर्ध्या मिनिटापासून दोन-चार मिनिटांची शांतता, मग पुन्हा एकदा. आवाज ऐकल्यावर त्या दिशेला पाहून उपयोग नाही, तोवर पक्षी खाली गेलेला असतो. दिशा धरून ठेवायची, दुर्बीण डोळ्यांना लावायची आणि पुढच्या उडीची वाट पाहायची.

उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंत उड्या जास्त. ढगाळ, गार दिवशी तो दुपारीही थांबत नाही. पाऊस थांबून पंधरा-वीस मिनिटे झाली, हवा स्थिर आहे आणि ऊन निघालेले नाही, अशी वेळ हाती लागली तर ती सोडू नये. जोराचा वारा किंवा धो धो पाऊस असेल तर मात्र घरी थांबलेले बरे. पक्षी असूनही दिसत नाही, आणि ‘इथे तणमोर नाही’ अशी चुकीची नोंद वहीत जाते.

८×४२ ची दुर्बीण पुरेशी आहे. मोजणी करायची तर वीस ते साठ पटींची स्पॉटिंग स्कोप तिवईवर लावावी, म्हणजे तीनशे-चारशे मीटरवरूनही तुरे दिसतात. सकाळी पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला पाठ करून बसावे. कपडे मातकट, छत्री नको, रेनकोट भडक रंगाचा नको. शेतात पाऊल टाकायचे नाही, धुऱ्यावरूनच चालायचे, आणि ज्याचा धुरा त्याला आधी विचारायचे. ही परवानगी निव्वळ शिष्टाचारासाठी घ्यायची नसते. त्या शेतात कालच फवारणी झाली आहे का, कुत्री कुणाची फिरतात, मूग कधी तोडणार, हे सगळे त्या पाच मिनिटांच्या बोलण्यात कळते.

एका जागी किमान अर्धा तास बसावे. नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत न्यावी, आणि दुर्बिणीपेक्षा उघड्या डोळ्यांनी जास्त पाहावे. दुर्बिणीच्या वर्तुळात पक्षी येण्याची वाट पाहणारा माणूस बाजूच्या तीन उड्या चुकवतो.

किती जवळ जायचे

दोनशे मीटरच्या आत जाऊ नये. त्याहून लांबूनही पक्ष्याच्या वागण्यात फरक पडला तर मागे सरकावे. हा फरक ओळखता आला पाहिजे. नर उड्या थांबवतो, मान ताठ करून तुमच्याकडे पाहतो, मग मान खाली घालून गवतात सरकतो. इथे बरेच जण ‘आता शांत बसलाय’ असे समजून पुढे जातात. तो शांत बसलेला नसतो, दबलेला असतो. तेवढ्या वेळात जवळ आलेली मादी निघून गेली तर त्या नराची ती सकाळ वाया जाते. विणीचा हंगाम मोजून दोन-अडीच महिन्यांचा, आणि नर आधीच इतके कमी, की अशा सकाळी आपल्याला परवडत नाहीत.

मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावणे, ड्रोन उडवणे, गाडी शेतात घालणे, ‘एकदा उडू दे म्हणजे उडताना फोटो मिळेल’ म्हणून गवत तुडवणे, यातले काहीही करू नये आणि सोबतच्याला करू देऊ नये. घरटे शोधायला तर मुळीच जाऊ नये. अंडी उघड्या मातीवरच्या उथळ खळग्यात, गवताच्या आडोशाला असतात. माणूस तिथपर्यंत चालत गेला की वाट पडते, आणि त्या वाटेने कोल्हा किंवा कुत्रा नेमका पोचतो. कावळे तर माणूस कुठे वाकला ते झाडावरून पाहतच असतात.

फोटो मिळालाच तर ठिकाण लिहू नये, तालुकाही नको. मोबाइलच्या फोटोत अक्षांश-रेखांश दडलेले असतात, ते पुसून मगच पुढे पाठवावा. नोव्हेंबर उजाडेपर्यंत सार्वजनिक ठिकाणी टाकूच नये. एका व्हॉट्सॲप संदेशावर रविवारी सकाळी एका गायरानावर दहा-बारा गाड्या उभ्या राहतात, आणि तो नर पुढच्या आठवड्यात तिथे नसतो. नोंद वन विभागाला द्यावी, आपल्या भागात या पक्ष्यावर काम करणाऱ्या संस्थेला द्यावी. तिथे तिचा उपयोग आहे.

मोजणी चुकते कुठे

तणमोराची मोजणी म्हणजे जागा धरून नाचणाऱ्या नरांची मोजणी. माद्या मोजता येत नाहीत. ‘चार नर म्हणजे आठ पक्षी’ असा हिशेब कागदावर करता येतो, पण तो अंदाज आहे हे त्याच ओळीत लिहावे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकच नर दोनदा मोजला जाणे. त्यावर उपाय साधा आहे. दोन माणसांनी चारशे-पाचशे मीटर अंतरावरच्या दोन धुऱ्यांवर एकाच वेळी बसायचे. घड्याळे जुळवून घ्यायची. प्रत्येक उडीची वेळ मिनिट-सेकंदासह आणि होकायंत्राने दिशा लिहायची. नंतर नकाशावर दोन्ही ठिकाणांहून रेषा ओढल्या की त्या जिथे छेदतात तिथे नर. एकाच मिनिटात दोन वेगळ्या छेदांवर उडी असेल तर नर दोन, हे पक्के. नर सहसा आपली जागा धरून असतो, त्यामुळे तीन-चार दिवसांनी त्याच धुऱ्यावरून पुन्हा पाहिले की चित्र स्पष्ट होते.

वहीत तारीख, वेळ, ढग-वारा, आपण बसलो ती जागा, दिशा, अंदाजे अंतर, पंधरा मिनिटांतल्या उड्या, तिथले पीक किंवा गवत आणि त्याची उंची एवढे हवेच. शिवाय कुत्री, चराई, फवारणी, यंत्राचा आवाज यांतले काय होते तेही लिहावे. नर न दिसलेल्या सकाळीही लिहायच्या. नुसत्या दिसलेल्या नोंदींवरून पक्षी घटतो आहे की वाढतो आहे, हे कधीच कळणार नाही.

शेताचे वेळापत्रक आणि पक्ष्याचे

पहिला चांगला पाऊस जूनच्या शेवटी. मूग-उडदाची पेरणी तेव्हाच. जुलैअखेर पीक आणि गवत गुडघ्याला लागते, आणि नर नाचू लागतात. उंची एवढीच लागते, कारण मादीला खाली लपता आले पाहिजे आणि नर उसळला की दिसला पाहिजे. ऑगस्टमध्ये मादी तीन-चार अंडी घालते. उबवणी एकटी मादी करते आणि तिला साधारण तीन आठवडे लागतात. पिल्ले बाहेर आली की लगेच चालू लागतात, पण उडू लागेपर्यंत पूर्णपणे आईच्या आणि गवताच्या भरवशावर.

आता यावर मुगाचे वेळापत्रक ठेवून पाहा. मूग साठ-सत्तर दिवसांत पिकतो. म्हणजे ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबरचा पहिला आठवडा. नेमकी अंडी किंवा दोन-चार दिवसांची पिल्ले असतात तेव्हाच शेतात कामाची झुंबड उडते. शेंगा हाताने तोडल्या जात असतील तर नुकसान कमी, कारण मजुराच्या पायासमोरून मादी उठते आणि ती जागा नजरेत येते. झाडे उपटून किंवा यंत्राने काढणी झाली की काहीच कळत नाही.

डवरणीचेही, म्हणजे बैलजोडीने पिकाच्या ओळींमधले तण काढण्याचेही, तसेच. पेरणीनंतर महिन्याभरात दोन डवरण्या उरकल्या तर त्या अंडी येण्याआधी होतात. पावसामुळे लांबलेली डवरणी ऑगस्टच्या मध्यावर आली की धोका सुरू होतो. अशा वेळी बैलजोडीमागच्या माणसाला एवढेच सांगून ठेवायचे: मातकट पक्षी पायांतून उठला आणि लांब न जाता जवळच घुटमळला, तर तिथे जोडी थांबव.

घरटे असे अपघाताने सापडलेच, तर त्याभोवती दहा मीटर त्रिज्येचा गोल तसाच सोडायचा. झेंडा, काठी, रंगीत चिंधी रोवायची नाही. कावळा आणि माणूस दोघांनाही ती खूण कळते. त्याऐवजी धुऱ्यावर दोन दगड असे मांडायचे की त्यांच्या रेषेत पाहिले की जागा कळेल, आणि पावलांचे अंतर वहीत लिहायचे. पुन्हा जवळ जाऊन ‘अंडी आहेत का’ पाहायचे नाही. मादी लांबून दुर्बिणीने पाहावी.

दहा मीटर त्रिज्या म्हणजे तीन गुंठे आणि थोडे वर. एकरी चार क्विंटल उतारा धरला तर तीन गुंठ्यांत तीस किलो मूग. २०२४-२५ च्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला ८,६८२ रुपयांनी, त्याचे सव्वीसशे रुपये होतात. सगळा मूग काही वाया जात नाही. उशिरा तोडल्याने काही शेंगा तडकतात, काही पावसाने काळ्या पडतात. तरीही पूर्ण पैसे शेतकऱ्याच्या हातात, आणि लगेच, ठेवावेत. पक्षीप्रेमींच्या एका गटाला ही रक्कम जड नाही. सैलानात वन विभागाने पक्ष्याची खबर देणाऱ्या शेतकऱ्यांना रोख बक्षीस देण्याची पद्धत सुरू केली, तिचा उपयोग झाला. पैसे उशिरा मिळाले तर पुढच्या वर्षी कुणी खबर देत नाही.

पीक बदलले तेव्हा काय गेले, हेही समजून घ्यायला हवे. मूग, उडीद, ज्वारी, तीळ अशा मिश्र शेतात तासांमधून (पिकाच्या ओळींमधून) चालायला वाट असते आणि नाकतोडे, भुंगेरे भरपूर असतात. तणमोराचे पावसाळी खाणे तेच. मूग-उडदाची फुले खाणारे काळे-नारिंगी पट्ट्यांचे भुंगेरे, ज्यांचा रस लागला की कातडीवर फोड येतात, तेही तो आवडीने खातो. सोयाबीनचे ऑगस्टमध्ये तास मिळून जातात. खालून चालणे अवघड, वरून नजर जात नाही, आणि एका हंगामातल्या फवारण्या-तणनाशकांनंतर त्यात किडे उरत नाहीत. म्हणून सलग शंभर एकर सोयाबीन तणमोराला ओसाडच. पण त्याच शंभर एकरांत अधूनमधून मुगाचे पट्टे आणि एक-दीड मीटर रुंदीचे गवताळ धुरे राहिले, तर तो तिथे वावरतो. धुरे तणनाशकाने जाळू नयेत, हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक काम आहे.

फवारणी करूच नका, असे सांगणारा माणूस शेतकऱ्याच्या नजरेतून उतरतो, आणि ते योग्यच आहे. सांगायचे ते असे: किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारा, नर नाचतो त्या तुकड्यात आधी पाच टक्के निंबोळी अर्क वापरा. पाच किलो निंबोळ्या बारीक कुटून नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या, एक लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळायचा आणि एकूण शंभर लिटर करायचे. फवारणी उतरत्या उन्हात करावी, कडक उन्हात त्याचा जोर जातो. केलेला अर्क त्याच दिवशी संपवावा. अळ्या लहान असतानाच त्याचा उपयोग होतो. मोठ्या झाल्यावर फवारून ‘काही फरक पडत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

गायरान आणि कुरण

शेताइतकेच शेजारचे गवत महत्त्वाचे. मारवेल, पवन्या, कुसळी अशा गवतांचा मिश्र माळ तणमोराला हवा. गाव तयार असेल तर कुरणाचे तीन-चार भाग पाडून एक भाग जुलै ते मध्य ऑक्टोबर चराईला बंद ठेवावा, दरवर्षी भाग बदलावा. कापणी बी पडल्यावरच. त्याने पुढच्या वर्षीचे गवतही दाट येते, म्हणजे गुरांच्या मालकांनाही फायदाच. कापणी यंत्राने असेल तर मधून सुरू करून बाहेर सरकत जावे. कडेने आत गेले की पिल्ले मध्यभागी कोंडली जातात आणि शेवटच्या फेरीत मरतात.

आणि गवताळ माळावर झाडे लावू नयेत, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते. सरकारी कागदावर ‘पडीक’ लिहिलेली जमीन दिसली की तिथे गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) झाडांसाठी खड्डे खणले जातात. दहा वर्षांत सावली येते, गवत जाते, आणि उघड्या माळावरचे सगळे पक्षी त्याबरोबर जातात. वेडी बाभूळ शिरली असेल तर ती मुळासकट काढावी. नुसती तोडली तर चौपट फुटते.

अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजातल्या लोकांनी ‘संवेदना’ या संस्थेसोबत गवताळ माळ राखण्याचे आणि तणमोराच्या नोंदी ठेवण्याचे काम उभे केले आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी या पक्ष्याचा माग काढला, त्यांना तो कुठे नाचतो, मादी कोणत्या गवतात शिरते, हे कुणाही पदवीधरापेक्षा जास्त कळते. सर्वेक्षणात त्यांना वाटाड्या म्हणून नव्हे, निरीक्षक म्हणून घ्यावे, आणि त्या कामाचे पैसे द्यावेत.

गावात बोलताना एक भीती नक्की पुढे येते: पक्षी दिसला की सरकार जमीन घेणार. ही भीती हवेतून आलेली नाही. सोलापूर-नगर भागातले माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जवळपास ८,५०० चौरस किलोमीटरवर जाहीर झाले, त्यात गावेच्या गावे आली, आणि २०१२ मध्ये ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. सरदारपुरातही खासगी जमिनींच्या व्यवहारांवर बंधने आल्याने शेतकऱ्यांचा राग पक्ष्यावर निघाला. म्हणून तणमोरासाठी खासगी शेतावर बंधने आणण्याची मागणी मी करणार नाही. दोन-अडीच महिन्यांचा करार, ठरलेले पैसे आणि हंगाम संपला की जमीन पूर्ण मोकळी, हेच शेतकऱ्यापुढे ठेवावे. शिकारीच्या बाबतीत मात्र कायदा स्पष्ट सांगावा: पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, आणि किमान २५,००० रुपये दंड.

तारा, कुत्री आणि हिवाळा

सप्टेंबरअखेर नर शांत होतात आणि पक्षी पांगतात. यातले बरेच दख्खनच्या माळांवर हिवाळा काढतात, म्हणजे जो तालुका पावसाळी यादीत नाही तिथेही डिसेंबरमध्ये तणमोर असू शकतो. या काळात दोन गोष्टी त्याला मारतात. एक, मोकाट कुत्री. शेतावर किंवा ढाब्यामागे टाकलेले अन्न जिथे, तिथे कळप. अन्न टाकणे थांबले की कळप पांगतो, नुसते हाकलून काही होत नाही. दुसरे, वीजवाहिन्या. माळढोक कुळातल्या पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचे फारच अरुंद दिसते, आणि उडताना ते खाली पाहतात. तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. माळढोक आणि तणमोर या दोन्ही पक्ष्यांसाठी झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घेण्याबाबत आदेश दिले, मार्च २०२४ मध्ये ते बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. न्यायालयाचे काहीही असो, आपल्या माळावर नवी वाहिनी येत असेल तर तारांवर फिरते, चमकणारे पक्षी-सूचक बसवण्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने, काम सुरू होण्याआधी करावी. खांब उभे राहिल्यावर कुणी ऐकत नाही.

तारेखाली पक्षी सापडला तर खांबाचा क्रमांक आधी टिपावा आणि जागेचा फोटो घ्यावा. मेलेला असेल तर हलवू नये. कायद्याने तो वन विभागाचा आहे, आणि शवविच्छेदनात विजेचा धक्का की धडक हे कळते. जिवंत असेल तर फडके टाकून डोके झाकावे, पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांनी उचलावे आणि भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावे. तळाशी जुने फडके किंवा गोणपाट, वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून आणखी इजा होते. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. पाय बांधू नयेत. या पक्ष्यांचे पाय नाजूक असतात आणि भीतीने धडपडले की स्नायू निकामी होतात, म्हणून अंधार आणि शांतता हेच पहिले औषध. मग वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा, आणि गाडी येईपर्यंत खोका उघडून कुणालाही दाखवू नये.